पत्र्याखालच्या माळ्याची राहती खोली: सोलापूरच्या घरांसाठी मोजमापापासून भोगवटा प्रमाणपत्रापर्यंत

सोलापुरातल्या बहुतेक बैठ्या घरांवर वापरात नसलेली जागा असते. जुळे सोलापूर किंवा विजापूर रोडच्या बाजूला स्लॅबच्या गच्चीवर गळती थांबवायला टाकलेला पत्रा असतो. जुन्या पेठांत दुपाखी पत्र्याखालचा लाकडी माळा असतो, तर कुठे माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, उभारलेली अर्धवट माडी. घरात लग्न ठरलं, मुलाला अभ्यासाला खोली हवी झाली की पहिली नजर तिथेच जाते. मग फॅब्रिकेटर येतो, टेप लावतो, चौरस फुटाचा दर सांगतो आणि आठवड्यात काम सुरू होतं. क्रम इथेच चुकतो. उंची, वजन, जिना आणि कागद या चार गोष्टींचं उत्तर हातात आल्याशिवाय एकही अँगल विकत घेऊ नये. खोलीत उन्हाळ्यात कुणी झोपू शकेल की नाही हा पाचवा प्रश्न. सोलापुरात तो बाकीच्या चारांइतकाच वजनदार आहे.

आधी ठरवा: माळा, पोटमजला की खोली

नियमांच्या दृष्टीने या तीन वेगळ्या गोष्टी आहेत. सामान ठेवण्यासाठी केलेला, जास्तीत जास्त १.५ मीटर उंचीचा मधला तळ म्हणजे माळा. तो राहण्यासाठी वापरता येत नाही. एकाच उंच खोलीत मध्येच टाकलेला तळ म्हणजे पोटमजला. त्यावर राहायचं असेल तर क्षेत्र किमान ९.५ चौ.मी. हवं आणि त्याच्या वर व खाली प्रत्येकी किमान २.२ मीटर मोकळी उंची हवी. म्हणजे तळाची जाडी धरून मूळ खोली साधारण ४.६ मीटर, पंधरा फुटांच्या वर उंच असेल तरच हा विषय काढावा. जुन्या हातमागाच्या शेडमध्ये किंवा कारखान्याच्या इमारतीत अशी उंची सापडते, घरात क्वचितच. शिवाय खोलीच्या निम्म्याहून जास्त भागावर पोटमजला टाकता येत नाही.

उरली राहती खोली. तिच्यासाठी लक्षात ठेवायचे आकडे असे: क्षेत्र किमान ९.५ चौ.मी., म्हणजे सुमारे १०२ चौरस फूट. सर्वात अरुंद बाजू २.४ मीटर; सपाट छताखाली उंची २.७५ मीटर, म्हणजे नऊ फूट. उतरत्या छताखाली सरासरी उंची २.७५ मीटर लागते. सगळा घोळ या ‘सरासरी’त होतो, म्हणून गणित करून पाहू.

दुपाखी छप्पर आहे, दोन भिंतींमध्ये ५ मीटर अंतर आहे, उतार २० अंशांचा आहे. भिंतीपासून आढ्यापर्यंत छप्पर सुमारे ०.९१ मीटर चढतं. भिंतीजवळ २.१ मीटर उंची असेल तर आढ्याखाली ३.०१ मीटर मिळते आणि सरासरी २.५५ वर अडकते. डोळ्यांना ही खोली प्रशस्त दिसते, आढ्याखाली हात वर केला तरी काही लागत नाही, पण नकाशात ती नापास होते. सरासरी २.७५ व्हायला भिंतीजवळ २.३ मीटर लागते. ही उंची पत्र्यापर्यंत मोजायची नसून आतल्या सीलिंगपर्यंत मोजायची. सीलिंग, इन्सुलेशन आणि हवेची पोकळी मिळून १५ सेंटिमीटर जातात. म्हणून भिंत प्रत्यक्षात २.४५ मीटर, आठ फुटांवर असावी लागते. जुनी भिंत साडेसहा फुटांवर संपत असेल तर छप्पर उतरवून भिंत दीड फूट वाढवणं हाच मार्ग उरतो, आणि खर्चाचा अंदाज तिथूनच बदलतो.

मोजताना तुळई किंवा ट्रसच्या (छपराच्या त्रिकोणी सांगाड्याच्या) खालच्या दांड्याची उंचीही लिहून घ्या. खोलीच्या मधोमध डोक्याला लागणारी आडवी टाय कापून टाकू, असं मिस्त्री सहज म्हणतो. ती टायच छपराचे दोन्ही पाय बाहेर सरकू देत नाही. ती कापली की दोन-तीन पावसाळ्यांत भिंतीचा माथा बाहेर झुकतो आणि कोपऱ्यात उभी चीर दिसू लागते.

वजनाचा हिशेब

उदाहरणादाखल एक खोली घेऊ: गच्चीवर, आतून ३.६ × ४.५ मीटर, म्हणजे साधारण १२ × १५ फूट. क्षेत्र १६.२ चौ.मी. राहत्या खोलीसाठी दर चौरस मीटरला २०० किलो वापराचा भार धरतात. गच्ची म्हणून तोच स्लॅब १५० किलोसाठी आखलेला असतो. हा फरक लहान आहे. खरा भार भिंतींचा.

या खोलीचा घेर १६.२ मीटर, सरासरी उंची २.७५ धरली आणि दार-खिडक्या वजा केल्या तर सुमारे ४० चौ.मी. भिंत उरते. नऊ इंची विटेची भिंत दोन्ही बाजूंच्या गिलाव्यासह चौरस मीटरला ५०० किलोच्या आसपास जाते, म्हणजे वीस टन. १५० मिलिमीटरचा एएसी ब्लॉक, ज्याला बाजारात सिपोरेक्स म्हणतात, गिलाव्यासह १७० किलो धरला तर पावणेसात टनांच्या आसपास. लोखंडी सांगाड्यावर दोन्ही बाजूंनी सिमेंट फायबर बोर्ड मारला तर दीड टनाच्या आत. खोली तीच, पण घरावर पडणारा बोजा बाराव्या भागाच्याही खाली येतो. जुन्या घरावर नऊ इंची विटेची भिंत चढवण्याचा आग्रह सोडा. मजबुतीच्या नावाने घातलेलं ते वजन शेवटी खालच्या भिंती आणि पायाच उचलतात.

दुसरी बचत गच्चीवरच पडलेली असते. जुन्या गच्चीवर चार-पाच इंचांचा ब्रिकबॅट कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा थर, असतो. तो चौरस मीटरला साधारण २०० किलो भरतो. खोलीखालचा कोबा काढला तर तीन टनांच्या वर वजन उतरतं आणि आतली उंचीही चार इंच वाढते. मात्र जिथे कोबा कापला तिथे नव्या भिंतीच्या पायाशी बाहेरून वॉटरप्रूफिंग नव्याने करून कोपऱ्यात गोलाईचा वाटा मारावाच लागतो आणि भिंतीखाली सहा इंचांची काँक्रीटची पडदी घ्यावी लागते. हे केलं नाही तर गच्चीचं पाणी उरलेल्या कोब्याच्या पोटातून आत येतं. ते कुठून येतं हे कुणालाच सापडत नाही आणि लोक उगाच पत्र्याच्या स्क्रूंना दोष देत बसतात.

भिंत कुठे येते तेही पाहा. बीमवर आली तर ठीक. स्लॅबच्या पोटावर आडवी आली तर हलकी भिंतही खालच्या खोलीच्या छताला तडा देते. पाण्याची टाकी या हिशेबात हटकून विसरतात. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, त्यामुळे घरोघरी हजार-दोन हजार लिटरच्या टाक्या गच्चीवर असतात. हजार लिटर म्हणजे एक टन, तोही दीड मीटर गोलात. टाकी नव्या खोलीच्या छपरावर चढवू नका. ती कॉलमच्या डोक्यावर, वेगळ्या स्टँडवर घ्या.

फरशीचंही तसंच. शहाबादी फरशी इथे मुबलक आणि पायाला गार, पण २५ मिलिमीटरची फरशी ६५ ते ७० किलो आणि खालचा मालाचा थर आणखी ८०. लाकडी माळ्यावर किंवा लोखंडी पोटमजल्यावर ती अजिबात नको. तिथे १८ मिलिमीटरचा सिमेंट बोर्ड आणि वर व्हिनाइल पुरतं.

जुनं घर तपासताना

हे काम परवानाधारक स्ट्रक्चरल इंजिनिअरचं आहे. तरी त्यानं काय तपासलं ते घरमालकाला माहीत असावं.

पाया: घराच्या दोन बाजूंना पायालगत साधारण एक मीटर लांब-रुंद खड्डा घेऊन पाया कशावर टेकला आहे ते पाहतात. कठीण मुरूम किंवा खडक लागला तर बहुतेक काळजी मिटते. काळ्या मातीवर टेकला असेल तर ती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसते. खिडकीच्या कोपऱ्यातून तिरप्या जाणाऱ्या आणि उन्हाळ्यात रुंद होणाऱ्या चिरा ही त्याची खूण. अशा घरावर काहीही वाढवण्याआधी इंजिनिअरचं लेखी मत घ्या, तोंडी नको.

कॉलमच्या सळ्या: ‘पुढे मजला चढवू’ म्हणून गच्चीवर सोडलेल्या सळ्या सोलापूरभर दिसतात. बारा-पंधरा वर्षं उन्हापावसात राहिलेल्या सळीवर तसंच काँक्रीट ओतू नये. आधी तारेच्या ब्रशने गंज काढा आणि व्हर्नियरने जाडी मोजा. १२ मिलिमीटरची सळी १०.५ वर आली असेल तर तिचं जवळपास पाव क्षेत्र गेलं आहे. गंज बहुधा सळी काँक्रीटमधून बाहेर येते तिथेच जास्त असतो, म्हणजे नेमका जोडाच्या जागी. अशा वेळी कॉलमचा माथा फोडून आतली चांगली सळी उघडी करायची आणि नवी सळी किमान पन्नासपट व्यासाइतकी, म्हणजे १२ मिलिमीटरला ६०० मिलिमीटर, जोडून घ्यायची. वाकवून ठेवलेली सळी हातोड्याने सरळ केली की वाकाच्या जागी तडकते. ती धरायची नाही.

लाकूड: माळ्याच्या तुळयांची टोकं भिंतीत जिथे घुसतात तिथे स्क्रू-ड्रायव्हर टोचून पाहा. मधला भाग ठणठणीत आणि टोक पोकळ, असं वाळवी लागलेल्या घरात हमखास आढळतं. स्क्रू-ड्रायव्हर सहज एक सेंटिमीटर आत गेला तर ती तुळई भार घेणार नाही.

माळवद: तुळया, त्यावर कडीपाट आणि वर पांढऱ्या मातीचा थर. हा थर एक फूट असला तरी चौरस मीटरला ४८० किलो भरतो, आणि दर वर्षी माती टाकत गेल्याने तो अनेक घरांत दोन फुटांपर्यंत गेलेला असतो. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचं हेच मातीचं वजन एकत्र कोसळलं आणि माणसं त्याखाली गेली. म्हणून माळवदावर खोली चढवणे हा पर्याय यादीतून काढून टाका. माळवद उतरवून, भिंतींच्या माथ्यावर सलग आरसीसी पट्टा घालून, वर हलकं छप्पर घेणं हा सुरक्षित मार्ग आहे. त्यात घराचं एकूण वजन उलट कमी होतं.

जुना सिमेंटचा पत्रा उतरवायचा असेल तर त्यात अ‍ॅस्बेस्टॉस आहे असं धरूनच चाला. तो फोडू नका, कोरडा कापू नका. पाण्याने भिजवून, बोल्ट कापून, अख्खा खाली घ्या. कामगारांना साधा रुमाल पुरत नाही, एन-९५ च्या वरचा मास्क द्या. तुकडे अंगणात किंवा न्हाणीच्या भिंतीला लावायची सवय जाऊ द्या.

जिना: हा नकाशा अडवतो

खालच्या मजल्याची उंची २.७५ आणि स्लॅब ०.१५, म्हणजे २.९ मीटर चढायचं. पायरीची उंची १९ सेंटिमीटरपेक्षा जास्त नको, पाऊल ठेवायची रुंदी २५ पेक्षा कमी नको. २.९ मीटरला १६ चढ केले तर प्रत्येक चढ १८.१ सेंटिमीटरचा येतो. एका सलग फेरीत १५ पेक्षा जास्त चढ घेत नाहीत, म्हणून मध्ये टप्पा आला. आठ-आठ चढांच्या दोन फेऱ्या, जिना ९० सेंटिमीटर रुंद आणि मध्ये १० सेंटिमीटरची फट धरली तर जागा लागते साधारण १.९ × २.६५ मीटर. म्हणजे खालची पाच चौ.मी. जागा जिन्यात गेली. डोक्यावर सगळीकडे २.२ मीटर मोकळं हवं. उतरत्या छपराखाली जिन्याचं शेवटचं पाऊल कडेला आलं तर इथेच डोकं आपटतं. जिना आढ्याच्या दिशेने उघडेल असा फिरवा.

लोखंडी गोल जिना जागा वाचवतो म्हणून लोक तो पसंत करतात. खाली उतरायचा तो एकमेव रस्ता असेल तर तो घेऊ नका. आजारी माणसाला त्यावरून उचलून आणता येत नाही, आणि पलंग-कपाट वर न्यायला पुन्हा खिडकी काढावी लागते. बाहेरून जिना काढायचा विचार असेल तर तो सामासिक अंतरात येतो का ते आधी पाहा. घराच्या बाजूची मोकळी जागा नियमाने सोडलेली असते, तिथे जिना मंजूर होईलच असं नाही.

परवानगी

सोलापूर महानगरपालिकेच्या हद्दीत २०२० ची एकत्रीकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली लागू आहे. इंजिनिअर आणि आर्किटेक्ट तिला यूडीसीपीआर म्हणतात. गच्चीवरचा पत्रा भिंतींनी बंद करून खोली करणं म्हणजे वाढीव बांधकाम, आणि त्याला महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ च्या कलम ४४ खाली अर्ज करून कलम ४५ खाली परवानगी घ्यावी लागते. पत्रा आधीपासून होता, त्यावर कर भरत होतो, हे कारण चालत नाही. करपावती म्हणजे बांधकाम परवाना नाही. परवानगीविना केलेल्या कामाला कलम ५३ खाली बांधकाम काढून टाकण्याची नोटीस येऊ शकते आणि घरपट्टीत शास्ती, म्हणजे दंडही लागू शकतो.

अर्जाआधी ही कागदपत्रं गोळा करा: मालमत्ता पत्रक किंवा सातबारा, मोजणीचा नकाशा, घराचा मूळ मंजूर नकाशा, असल्यास भोगवटा प्रमाणपत्र, चालू घरपट्टीची पावती आणि सगळ्या सहहिस्सेदारांची लेखी संमती. पेठांतल्या घरांत वाटणी तोंडी झालेली असते आणि उताऱ्यावर आजोबांचं नाव असतं. वारसनोंद आधी करून घ्या, कारण अर्ज तिथेच महिनोन्महिने अडतो. हद्दवाढ भागात प्लॉट गुंठेवारीचा, म्हणजे मंजूर लेआउटशिवाय गुंठ्यांनी विकलेला असेल तर तो नियमित झाला आहे का ते सर्वात आधी पाहा. नसेल तर माळ्याचा विषय त्यानंतरचा.

मूळ मंजूर नकाशा मिळाला की प्रत्यक्ष घराशी ताडून बघा. बहुतेक घरांत मागे एक न्हाणी किंवा पुढे एक शेड नकाशाबाहेर वाढलेलं असतं. नव्या अर्जाच्या तपासणीत ते उघडं पडतंच, म्हणून आर्किटेक्टला पहिल्या दिवशीच खरं सांगा म्हणजे तो ते नियमित करून घेण्याचा भाग त्याच प्रस्तावात धरेल.

पुढचा प्रश्न एफएसआयचा, म्हणजे प्लॉटच्या क्षेत्राच्या किती पट बांधकाम करता येतं त्याचा. दाट वस्तीबाहेर मूळ एफएसआय १.१० आहे. १०० चौ.मी. प्लॉटवर तळमजला ७० चौ.मी. असेल तर मूळ हक्कात ४० चौ.मी. उरतात आणि आपली खोली भिंती-जिन्यासह त्यात बसते. तळमजला आणि पहिला मजला आधीच ११० झाला असेल तर अधिमूल्य (प्रीमियम) भरून मिळणाऱ्या वाढीव एफएसआयचा मार्ग पाहावा लागतो. तो रस्त्याच्या रुंदीवर अवलंबून असतो. लहान प्लॉटसाठी, विशेषतः १५० चौ.मी. पर्यंतच्या, नियमावलीत जोखमीवर आधारित सोपी पद्धत ठेवली आहे. तुमचा प्लॉट त्यात बसतो का हे परवानाधारकाकडून पडताळून घ्या. अर्ज त्याच्यामार्फत ऑनलाइनच जातो.

सोलापुरात दोन ठिकाणी आणखी एक पायरी आहे. भुईकोट किल्ला केंद्रीय संरक्षित स्मारक आहे. अशा स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटरच्या आत नवं बांधकाम करता येत नाही, आणि कायद्याच्या व्याख्येत उभी वाढ, म्हणजे वर चढवलेली खोलीही बांधकामातच येते. तिथे परवानगीने फक्त दुरुस्ती होते. त्यापुढचे २०० मीटर नियंत्रित क्षेत्र आहे आणि तिथे सक्षम प्राधिकाऱ्याचं ना-हरकत पत्र लागतं. दुसरं, होटगी रोडच्या विमानतळाजवळ उंचीची बंधनं आहेत. घर त्या टापूत असेल तर टाकी आणि लोखंडी मनोऱ्यासह एकूण उंची नकाशात दाखवा.

अपार्टमेंटच्या शेवटच्या मजल्यावर राहणाऱ्यांसाठी एवढंच: गच्ची सामायिक असते. संस्थेचा ठराव आणि इतर मालकांची संमती नसेल तर पुढचं काही वाचायची गरज नाही.

मिळालेली परवानगी एक वर्ष टिकते. काम सुरू झालं नाही तर दरवर्षी मुदतवाढ घेता येते, तीही तीन वेळाच.

उष्णता: सोलापूरची खरी परीक्षा

एप्रिल-मेमध्ये इथे पारा ४२-४३ च्या आसपास राहतो. त्या वेळी उघडा पत्रा हात लावू देत नाही आणि खोलीच्या छतातून डोक्यावर सरळ धग उतरते. त्यात एसी लावला तर तो दिवसभर पत्र्याशीच झुंजतो. केंद्राच्या इको-निवास संहितेत छपरातून उष्णता झिरपण्याची वरची मर्यादा दर चौरस मीटर दर अंशाला १.२ वॅट आहे. ती संहिता मोठ्या प्रकल्पांसाठी असली तरी तो आकडा घरासाठी लक्ष्य म्हणून धरायला चांगला आहे.

पत्र्याखाली चिकटवतात ती चमकदार १० मिलिमीटरची फोम-शीट एकटी या मर्यादेपर्यंत पोचत नाही. ५० मिलिमीटर ग्लासवूल आणि खाली बोर्डाचं सीलिंग घेतलं की आकडा ०.७ च्या आसपास येतो. ५० मिलिमीटरचा पफ पॅनल (दोन पत्र्यांमध्ये फोम भरलेला) ०.४५ च्या आत बसतो आणि त्याचं वजनही चौरस मीटरला दहा-अकरा किलोच. नवं छप्पर टाकणार असाल तर पफ पॅनल घ्या. जुना पत्रा शाबूत असेल तर ग्लासवूल आणि सीलिंग.

ग्लासवूल लावताना दोन चुका ठरलेल्या. पहिली, ते पत्र्याला घट्ट भिडवतात. पत्रा आणि ग्लासवूलच्या मध्ये १०० मिलिमीटर पोकळी ठेवा, पागोळीच्या बाजूला जाळी लावलेल्या फटी आणि आढ्यावर गरम हवा निघायला वाट ठेवा. त्या पोकळीतली तापलेली हवा वर निघून गेली की अर्धं काम होतं. दुसरी, वायरिंग त्याच तापलेल्या पोकळीतून नेतात. तिथल्या उष्णतेने वायरचं आवरण लवकर कडक होतं. वायरी सीलिंगच्या खालून किंवा भिंतीतून कंड्युटमध्ये घ्या. दिव्यांना १.५, प्लगला २.५, एसीला ४ चौ.मि.मी. तांब्याची वायर, वरच्या मजल्याला स्वतंत्र एमसीबी बोर्ड आणि ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारा स्विच). एसी लावणार असाल तर महावितरणकडे मंजूर भार आधी वाढवून घ्या.

बाहेरून पांढरा उष्णतारोधक रंग दोन हात मारला की पत्राच कमी तापतो. धूळ बसून त्याचा गुण कमी होत जातो, म्हणून दरवर्षी फेब्रुवारीत छप्पर धुवा आणि रंग उडाला असेल तिथे पुन्हा मारा. पश्चिमेच्या भिंतीत मोठी खिडकी ठेवू नका. खिडक्यांचं क्षेत्र जमिनीच्या सहाव्या भागाइतकं धरून चाला. आपल्या खोलीला २.७ चौ.मी. लागतं, म्हणजे चार फुटी चौकोनी दोन खिडक्या, समोरासमोरच्या भिंतींत. एका खिडकीला काढता येणारं किंवा आतून उघडणारं ग्रील बसवा, म्हणजे जिन्यात आग-धूर असला तर बाहेर पडता येईल.

छप्पर बांधताना

आपल्या खोलीसाठी एकपाखी छप्पर, १:५ उतार, रुंदीच्या दिशेने. खालच्या बाजूला आतून २.४ आणि वरच्या बाजूला ३.१२ मीटर उंची ठेवली की सरासरी २.७६ येते. भिंतींबाहेर सुमारे एक फूट पागोळी धरून छपराचा आराखडा ४.५ × ५.४ मीटर होतो. उतार, जोड आणि कापाकापी धरून २७ ते २८ चौ.मी. पत्रा लागेल. पत्रा ४.६ मीटरच्या एकाच लांबीत मागवा म्हणजे आडवा जोडच येत नाही. पर्लिन, म्हणजे पत्र्याखालचे आडवे लोखंडी दांडे, १.२ मीटरच्या आत अंतराने, म्हणजे पाच ओळी, प्रत्येकी ५.४ मीटर. स्क्रू चौरस मीटरला सुमारे आठ, म्हणजे सव्वादोनशे.

वळवाच्या वादळात पत्रे उडतात ते जवळजवळ नेहमी कडेपासून. वारा पागोळीखाली शिरतो, पहिली ओळ उचलतो आणि मग बाकीची सोलत जातो. म्हणून कडेच्या पर्लिनवर स्क्रू दुप्पट घ्या, पागोळी दीड फुटाच्या पुढे नेऊ नका आणि पर्लिन भिंतीच्या माथ्यावरच्या काँक्रीट पट्ट्यात बोल्टने बांधा. पत्र्यावर दगड, टायर किंवा विटा ठेवणं म्हणजे वादळात खालच्या माणसांवर त्या पडण्याची सोय. स्क्रू पन्हळीच्या उंचवट्यावर मारायचा, खोलगट भागात नाही, आणि रबर वॉशर दबेल इतकाच आवळायचा. जास्त आवळला की वॉशर चिरतो. त्या दिवशी काही दिसत नाही, पण दुसऱ्या पावसाळ्यात प्रत्येक स्क्रूखाली थेंब लोंबतो.

छपराचं पाणी शेजाऱ्याच्या हद्दीत पडता कामा नये. खालच्या बाजूला पन्हळ आणि १०० मिलिमीटरचा एक उतरता पाईप पुरतो. तो हौदात सोडला तर ते पाणी टंचाईच्या दिवसांत कामाला येतं.

वर न्हाणीघर घ्यायचंच असेल तर ते खालच्या न्हाणीच्या बरोबर वर घ्या. ड्रेनेजचा उतार तिथेच मिळतो आणि वॉटरप्रूफिंग चुकलं तरी खालचा दिवाणखाना वाचतो.

कामाचा क्रम आणि वेळ

सोलापुरात सप्टेंबर हा सर्वात पावसाचा महिना. छप्पर उघडायचं काम दिवाळीनंतर घ्या आणि फेब्रुवारीअखेर खोली बंद करा. काँक्रीटचा पट्टा आणि कॉलम उन्हाळ्यात ओतले तर सात दिवस पाणी मारायला पाणीच नसतं, आणि उन्हात सुकलेलं काँक्रीट वरून भुगा होतं. ओली पोती गुंडाळली तरी दिवसातून तीनदा भिजवावी लागतात.

क्रम असा ठेवा: मोजमाप आणि इंजिनिअरचा अहवाल, नकाशा आणि परवानगी, मग कोबा काढणे, पट्टा किंवा बेसप्लेट (खांबाखालची लोखंडी पाटी), सांगाडा, छप्पर, बाहेरचं वॉटरप्रूफिंग, भिंती, वायरिंग, इन्सुलेशन, सीलिंग आणि शेवटी फरशी. इन्सुलेशन लावण्याआधी छपरावर नळीने अर्धा तास पाणी सोडून आतून टॉर्चने प्रत्येक स्क्रू आणि जोड पाहा. सीलिंग बंद झाल्यावर गळती शोधायची म्हणजे बोर्ड फोडायचा. सांगाडा बीमवर बसवताना बेसप्लेटखालची फट सुक्या मालाने भरू नका, न आकसणारं ग्राउट ओता. बोल्टची भोकं मारल्यावर फुंकून साफ केली नाहीत तर केमिकल अँकर (रसायनाने भोकात चिकटवलेला बोल्ट) धुळीला चिकटतो आणि हाताने उपटून येतो. भोकं साफ करताना तिथे उभे राहा.

काम संपल्यावर परवानाधारकाकडून पूर्णत्वाचा दाखला देऊन भोगवटा प्रमाणपत्र घ्या आणि नव्या क्षेत्राची घरपट्टीत नोंद करा. बँक कर्ज देताना आणि पुढे घर विकताना हाच कागद मागितला जातो. मंजूर नकाशा, इंजिनिअरचा स्थैर्य दाखला आणि सीलिंग बंद करण्याआधी काढलेले वायरिंगचे फोटो एकाच फाईलमध्ये ठेवा. पहिल्या पावसाळ्यानंतर, ऑक्टोबरात, खालच्या खोलीचं छत, नव्या भिंतीचा पाया आणि काम सुरू होण्याआधी जुन्या चिरांवर आडव्या चिकटवून ठेवलेल्या काचेच्या पट्ट्या तपासा. पट्टी तडकली असेल तर पाया हलतो आहे. त्याच आठवड्यात इंजिनिअरला बोलवा.